कोणत्या डब्यात कोणतं तेल

माणसं दारूचा नाद करतात, पत्त्यांचा करतात. माझ्या नवऱ्याला तेलाचा नाद होता. अमरावतीला बडनेऱ्याच्या रस्त्याला आमचं टिनाचं शेड, त्यात एक रंधा मशीन, एक गोल आरी, आणि भिंतीला एक लांब फळी. फळीवर तेलाचे डबे, सगळे एकसारखे, एकाच किराणा दुकानातून रिकामे आणलेले. एकाही डब्यावर चिठ्ठी नाही की खूण नाही. ह्यांनी झाकण उघडायचं, नाक जवळ न्यायचं, आणि मग हात पुढे करायचा. नवीन कारागीर कामाला आला की ह्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "ज्याले वास समजत नाई, त्यानं मशीनले हात लावू नाई."

लग्न होऊन आले तेव्हा सासूनं मला स्वयंपाक शिकवला नसेल तेवढं ह्यांनी तेल शिकवलं. मला काय करायचं होतं हो त्या तेलाचं! मी आपली ब्लाउज शिवणारी बाई. पण जेवताना घास हातात धरून सुरू व्हायचे. आरीच्या पात्यावर चिडाच्या लाकडाचा चीक बसला की लोक सरळ पटाशीनं खरवडतात, गाढव आहेत. पातं काढावं, गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून त्यात बुडवून ठेवावं, दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासावं, कोरडं करावं आणि लगेच पातळ तेलाचा हात फिरवावा. बेअरिंगला ग्रीस, तेही बोटभर, लाडवासारखं थापायचं नाही. मशीनच्या लोखंडी पाटावर पावसाळ्यात तेल नको, मेणबत्ती घासावी. तेल लावलं तर ते लाकडात उतरतं आणि पुढे पॉलिश धरत नाही. बारीक रंध्यांना शिलाई मशीनचं तेल, आणि ते माझ्या मशीनच्या खणातून न विचारता उचलून न्यायचं. रेशनचं रॉकेल बंद झालं तेव्हा घरात कोणी गेल्यासारखे बसले होते. पुढे डिझेल आणायला लागले, पण तोंड वाकडं करून.

आणि जवसाचं तेल. आमच्या वऱ्हाडात ते चटणीवरही घेतात, आणि सुतार ते पटाशीच्या मुठीला आणि दिवाणाच्या पायांना लावतो. लाकूड ते पिऊन घेतं, वरचं सुकून कातडी धरतं. लाकडाला चांगलं, लोखंडाला वाईट. मशीनला लागलं तर डिंक होऊन बसतं. त्याहून वाईट म्हणजे त्याची चिंधी. मशीनच्या तेलाची चिंधी पोत्यात टाकून दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरता येते. जवसाची चिंधी बोळा करून ठेवली तर आतल्या आत तापते आणि भुशाजवळ असली तर आपोआप पेट घेते. कोणी काडी लावायची गरज पडत नाही. म्हणून आमच्या शेडामागे एक तार होती, तिच्यावर जवसाच्या चिंध्या एकेक पसरून वाळत घालायच्या. चिंध्या माझ्याच, ब्लाउजच्या कापडाची कातरण. शेजारच्या बायका विचारायच्या, "काय वं, तोरण कायचं बांधलं?"

साथीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात ह्यांना ताप आला. दवाखान्यात न्यायची वेळ आली नाही, घरच्या घरी निभावलं, म्हणून मी देवापुढे साखर ठेवली. कसली साखर आणि कसलं काय! ताप उतरला तशा मी कूलरच्या ताट्या बदलल्या. नव्या वाळ्यावर पहिलं पाणी पडलं की हे दर वर्षी समोर उभे राहून "आहाहा" म्हणायचे, शर्ट वर करून पोटाला वारा घ्यायचे. त्या वर्षी उभे राहिले ते नुसते उभेच राहिले. मला वाटलं, अंगात ताकद नाही अजून.

मग एका सकाळी दूध उतू गेलं. मी अंगणात होते, धावत आले तर पातेलं काळं, घरभर करपल्याचा वास, आणि हे गॅसच्या शेजारी उभे राहून शांतपणे खिडकीबाहेर बघत होते.

"तुमाले वास नाई आला?" मी ओरडलेच.

"कायचा?"

मी गॅस बंद केला आणि ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान खाली घातली. म्हणजे माहीत होतं ह्यांना! ताप गेल्यापासून माहीत होतं, आणि मला सांगितलं नव्हतं.

"येईन हळूहळू," हे म्हणाले. "लोकाईले येऊन राहिला न परत. तू कोणाले सांगू नको. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी म्हटलं, सांगितलं तर काय होईल? कोणी शेड उचलून नेणार आहे का? तर ह्यांनी जे तोंड केलं ते मला अजून दिसतं. शेड जाईल, गिऱ्हाईक जाईल, याची भीती नव्हती ह्यांना. उभी हयात लोकांना एक वाक्य ऐकवलं होतं आणि आता त्या वाक्याप्रमाणे मशीनला हात लावायचा हक्क ह्यांचाच उरला नव्हता. सुतारकी सोडून ह्यांना दुसरं काही येत नव्हतं. दुसरं काही आवडतही नव्हतं.

मग आमचं नाटक सुरू झालं. रोज सकाळी मी थर्मासमध्ये चहा घेऊन शेडात जायची. हे फळीवरून डबा काढायचे, झाकण उघडायचे आणि माझ्या नाकासमोर धरायचे. "सांग बरं, हे कोणतं?" मी सांगायची, "डिझेल." "हे?" "मशीनचं." "हे?" "जवस." हे मान हलवायचे, जणू माझी परीक्षा घेत आहेत, आणि कामाला लागायचे. आमच्याकडे एक मिस्त्री होता, ह्यांच्याच वयाचा, ह्यांच्यासोबत म्हातारा होत आलेला. तो हसायचा. "वहिनी, आता रंधा मारता का तुमी? भाऊ तं तुमाले सुतार बनवून सोडतीन!" मी म्हणायची, "मंग काय! तुमच्या बिड्या संपेपर्यंत माहा दिवाण तयार होते." हे हसायचे. मिस्त्री पाठमोरा झाला की ह्यांचं हसू लगेच जायचं.

खोटं कशाला बोलू, मला ते दिवस आवडत होते. आयुष्यभर ह्या माणसानं मला त्या फळीजवळ फिरकू दिलं नव्हतं आणि आता माझ्यावाचून त्याचा डबा उघडत नव्हता. पण जीव टांगणीला होता. एक दिवस मी म्हटलं, डब्यांना रंग लावा, नाहीतर दोरा बांधा, उद्या मी नसले तर?

"दोरा बांधला तं मिस्त्री विचारन, काऊन बांधला?"

"विचारू द्या! सांगा, माही बायको येडी आहे, तिले समजत नाई म्हनून बांधला."

"नाई."

"अहो, पण..."

"नाई म्हटलं न एकदा."

मी थर्मास आपटून घरी आले. असा आडमुठा माणूस कोणाच्या पदरी पडू नये! दोन दिवस बोलले नाही. शेवटी ह्यांनीच तोडगा काढला. डबे रांगेनं मांडायचे आणि रांग मोडायची नाही. डावीकडून डिझेल, मग मशीनचं, मग जवस, शेवटी ग्रीस. डब्यावर खूण नाही आणि ह्यांना बोट ठेवलं की कळणार. मलाही ते पटलं. पावसाळा गेला, हिवाळा गेला, रांग मोडली नाही.

पुढच्या मे महिन्यात अकोल्याहून फोन आला, माझी आई न्हाणीत पडली म्हणून. मी निघाले. निघताना शेडात जाऊन सगळे डबे एकदा हुंगून आले. रांग बरोबर होती. हे स्टेशनवर सोडायला आले आणि गाडी हलेपर्यंत मीच बडबडत होते, "रांग पाहा बरं, रांग पाहा." ह्यांनी गाडीतल्या लोकांकडे बघत हळूच म्हटलं, "जाय न आता. मी काय लेकरू आहे?"

आईची कंबर धरली होती, मोडलं काही नव्हतं. मी तिच्या उशाशी बसून रोज सकाळी फोन करायची. "कोणतं घेतलं?" हे म्हणायचे, "दुसरा डबा." आई विचारायची, जावयाशी डब्याचं काय बोलत असतेस गं सारखं? मी म्हणायची, शेंगदाण्याचं तेल आणि सरकीचं तेल, त्यांना समजत नाही. आईसुद्धा हसायची.

एका दिवशी टळटळीत दुपारी मिस्त्रीचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "वहिनी, शेड गेलं. भाऊ बरे हायेत. भाऊले काई झालं नाई. पन शेड गेलं."

मिळेल त्या गाडीनं निघाले. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा समोरच्या बाईनं मला पाणी दिलं, इतकं माझं तोंड झालं असावं. घरी न जाता मी सरळ शेडावर गेले.

उन्हाळ्यात आम्ही बाराला शेड बंद करायचो आणि उन्हं कलली की उघडायचो. त्या मधल्या वेळात आग लागली होती. मागची बाजू सगळी गेली. रंधा मशीन काळं ठिक्कर, एका लग्नघराचा दिवाण आणि कपाट तयार होतं ते राख, टिनं वाकून खाली आलेली. सगळीकडे पाणी आणि ओला कोळसा. पुढच्या दाराजवळची आरी तेवढी वाचली होती. हे एका उलट्या घमेल्यावर बसले होते. मला पाहून उठले नाहीत.

मिस्त्री पुढे आला. बिचाऱ्याच्या भुवया जळल्या होत्या, आत घुसून दोन फळ्या तरी वाचवाव्यात म्हणून गेला होता. मला म्हणाला, "वहिनी, तुमाले काय सांगू, कालच म्या सगळं झाडूनपुसून घेतलं होतं. तुमी नाई म्हनून म्हटलं शेड तरी साफ ठेवा. फळी बी धुतली, डबे बी खाली काढून पुसले आन् परत मांडले."

रांग! मी आरीजवळ गेले आणि तिच्या लोखंडी पायावर बोट ठेवलं. बोट चिकटलं. पायांवर, चाकावर, पट्ट्याच्या झाकणावर, सगळीकडे पिवळसर चिकट साय धरली होती. जवस! शेड बंद करायच्या आधी ह्यांनी नेहमीसारखा दुसरा डबा घेतला, दोन्ही मशिनी हात फिरवून पुसल्या, आणि चिंध्या नेहमीसारख्या पोत्यात कोंबल्या. पोतं भुशाच्या ढिगाशेजारी. बाहेर मे महिन्याचं ऊन.

मी मागे वळून पाहिलं. हे माझ्याकडेच बघत होते. त्यांनी माझ्या आधीच त्या आरीवर बोट फिरवून पाहिलं असणार.

तोवर लोक जमले होते. जागेचा मालक होता, समोरचा लाकूड डेपोवाला होता, गल्लीतली माणसं होती. आणि जो तो शहाणा! कोणी म्हणे वायर, कोणी म्हणे उन्हानं. डेपोवाला म्हणाला, "अबे वायर-बियर काई नाई. बिडी. ह्या मिस्त्रीची बिडी." सगळ्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाला, "आईची आन, म्या शेडात आजपर्यंत बिडी पेटवली नाई. भाऊले इचारा." जागामालक म्हणाला, "मंग काय भुतानं लावली?" मिस्त्री त्या जळक्या भुवयांनी ह्यांच्याकडे पाहत राहिला.

मी खरं सांगावं तर ह्यांचीच मूठ उघडी पडणार. आपलेच दात, आपलेच ओठ. ह्यांना कोणी विचारलंही नव्हतं. गप्प बसले असते तरी चाललं असतं; मिस्त्री गरीब, चार दिवस शिव्या खाल्ल्या असत्या आणि गोष्ट मिटली असती. हे घमेल्यावरून उठले.

"आग माह्यानं लागली," हे म्हणाले.

"तुमच्यानं कशी, भाऊ?"

"जवसाच्या चिंध्या पोत्यात टाकल्या म्या. मशीनचं तेल समजून."

डेपोवाला हसला. "तुमी? तुमी जवस ओळखलं नाई? काई बी सांगता का?"

"मले वास येत नाई. वर्ष झालं. काईच वास येत नाई."

मिस्त्री पटकन ह्यांच्याजवळ आला आणि दंड धरून म्हणाला, "भाऊ, मले सांगाचं न. मले तरी सांगाचं." मग त्याच्या लक्षात आलं. डबे आठवले असणार. त्यानं फळीच्या जागेकडे पाहिलं, जिथं आता फळी नव्हती. तो काही बोलायच्या आत ह्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुयं काई नाई त्यात. ज्याले वास समजत नाई, त्यानं मशीनले हात लावू नाई. मीच सांगत होतो न?" आणि हे चालायला लागले. उन्हात, डोक्याला काही नाही. मी मागे मागे.

त्या दिवसानंतर हे शेडाकडे गेले नाहीत. मिस्त्रीनं चार लोकांना धरून टिनं ठोकली, आरी साफ केली, छोटं मोठं काम सुरू केलं. दर आठवड्याला यायचा, "भाऊ, नुसते येऊन बसा. सांगत जा. तेल मी उघडतो." हे म्हणायचे, "पाहू." नाही म्हणजे नाही. घरात नुसते बसायचे. माझ्या शिलाई मशीनला तेल घालायची वेळ आली तरी उठून दुसऱ्या खोलीत जायचे. माझा नवरा जिवंत होता, जेवत होता, औषध घेत होता, आणि मला रोज वाटायचं की शेडासोबत तोही गेला. मी रडायची, पण नळाखाली, बादली भरताना.

नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी ओळखीचे वास घ्या, लवंग, लिंबू, असं काही. कधी कधी परत येतो. मी म्हटलं, लवंग हुंगून ह्या माणसाचं काय भलं होणार? मी मिस्त्रीकडून वाट्यांत तेलं भरून आणली. रोज सकाळी ओट्यावर हे डोळे मिटून बसायचे, मी एकेक वाटी नाकाशी धरायची. "सांगा." हे फार वेळ घ्यायचे, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणायचे, "डिझेल?" असायचं ग्रीस. "मशीनचं?" असायचं जवस. चूक सांगितली की खांदे पडायचे, आणि दिवसभर घरात कोणाशी शब्द नाही.

एका सकाळी मला बघवलं नाही. हे म्हणाले, "जवस?" आणि मी म्हटलं, "बरोबर." डोळे उघडून असे हसले की काय सांगू! त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मग मी अधूनमधून म्हणायला लागले, बरोबर. पुढे रोज एकदा तरी. कोणाला ही चूक वाटत असेल तर वाटो. त्या हसण्यासाठी मी आणखी मोठं खोटं बोलले असते. ह्यांनी दाढी करायला सुरुवात केली. मिस्त्रीला फोनवर सांगताना मी ऐकलं, "थोडं थोडं येऊन राहिलं बापा. जवसाचा तं पक्का येते." मिस्त्री पेढे घेऊन आला. मला तो पेढा गिळता गिळेना.

आणि एका सोमवारी हे सकाळीच अंघोळ करून, कामाचा जुना शर्ट घालून माझ्यासमोर उभे राहिले. "जाऊन येतो शेडावर. रंधा नवा घ्यायचं म्हनून राहिला मिस्त्री. मी नसलो तं काई बी उचलून आनन."

मी भाजी चिरत होते. पुन्हा तीच चिंधी, तेच पोतं, आणि या वेळी आत हे! आणि आरीच्या पात्याजवळ ह्यांची बोटं. मी उठले, आत गेले. एका वाटीत जवसाचं तेल घेतलं, दुसरीत माठातलं पाणी.

"जायच्या आधी बसा उलीसे," मी म्हटलं. "डोळे मिटा."

बसले. मी आधी एक वाटी धरली, मग दुसरी. "यातली जवसाची कोणती?"

ह्यांनी दोन्ही वाट्या पुन्हा मागितल्या. अगदी सावकाश, मन लावून हुंगल्या. मग हसून म्हणाले, "दुसरी. हे काय विचारनं झालं?"

ह्यांनी डोळे उघडले. दुसऱ्या वाटीतलं पाणी पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"मंग इतके दिवस?"

"इतके दिवस मी खोटं बोलत होती," मी म्हटलं.

मला वाटलं आता ओरडतील, वाटी फेकतील. फेकली असती तर बरं झालं असतं. ह्यांनी पाण्याची वाटी हळूच खाली ठेवली आणि विचारलं, "एखाद्या वेळी तरी खरंच बरोबर आलं होतं का वं?"

"आलं होतं," मी म्हटलं. "एकदा."

तेही खोटंच होतं. ह्यांनी मान हलवली आणि शर्टाची बटणं सोडायला लागले.